गुडघ्याच्या झिजेवरच्या ग्लुकोसामाइनच्या गोळ्या : कोणाला धोक्याच्या, आधी काय तपासायचं?

नीलमोहर

नमस्कार मंडळी. मी फिजिओथेरपी करते. बहुतेक रुग्ण साठीपुढचे आणि गुडघ्याच्या झिजेचे. व्यायाम ठरवण्याआधी घरातली औषधांची पिशवी मागवून घेते, आणि तिच्यात ग्लुकोसामाइनची एखादी पट्टी हमखास निघते. कोणाला लिहून दिलेली, कोणी शेजारणीचं बघून सुरू केलेली, कोणी ऑनलाइन मागवलेली. 'गुडघ्यातलं वंगण वाढतं, अपाय काही नाही, हे औषध नाहीच मुळी' हे सगळ्यांचं म्हणणं.

सध्याच्या एका पिशवीचा तपशील देते. बाई, वय ६७. दोन्ही गुडघे झिजलेले. मधुमेहासाठी मेटफॉर्मिन १ ग्रॅम, दोन वेळा. रक्तदाबासाठी टेल्मिसार्टन ४०. हृदयात धातूची कृत्रिम झडप, त्यासाठी रक्त पातळ ठेवायला ॲसिनोकुमरॉल २ मिग्रॅ. मूत्रपिंडाचं काम सांगणारं शेवटचं क्रिएटिनिन १.५, तेही चार महिन्यांपूर्वीचं. पाच आठवड्यांपूर्वी सुरू झालेल्या पट्टीमागे छापलंय : ग्लुकोसामाइन सल्फेट पोटॅशियम क्लोराइड ७५० मिग्रॅ, डायसेरीन ५० मिग्रॅ, एमएसएम २५० मिग्रॅ. सकाळ-संध्याकाळ एक-एक गोळी. शिवाय हळदीच्या कॅप्सूल, कर्क्युमिन ५०० मिग्रॅ आणि पिपेरीन ५ मिग्रॅ, त्याही दोन. रात्री पोट साफ व्हायला चूर्ण.

तक्रार अशी की तीन आठवडे दिवसाला चार-पाच पातळ जुलाब होताहेत, लघवी गडद पिवळी आहे आणि थकवा आहे. घरचे मेटफॉर्मिनला दोष देताहेत, पण ते आठ वर्षं त्याच मात्रेत चालू आहे.

यातलं काय कशामुळे होतंय? आणि एरवी अशी पट्टी दिसली की कोणाच्या बाबतीत मी लगेच डॉक्टरांकडे पाठवावं?

---

काळीशार माती

नीलमोहरताई, सामान्य चर्चा नंतर. या बाईंचं आजच करायचं काम आधी सांगतो.

धातूची झडप, ॲसिनोकुमरॉल आणि तीन आठवड्यांचे जुलाब एवढंच असतं तरी आयएनआर (रक्त किती पातळ झालंय ते सांगणारा आकडा) आज तपासावं लागलं असतं. जुलाब लागले की खाणं कमी होतं, आतड्यातून के जीवनसत्त्व कमी मिळतं आणि तीच गोळी जास्त जोर धरते. त्यावर ग्लुकोसामाइनची भर. वॉरफरिन घेणाऱ्यांचं आयएनआर ग्लुकोसामाइन सुरू केल्यावर वाढल्याच्या विसेक नोंदी अमेरिकेच्या औषध प्रशासनाकडे आलेल्या आहेत, आणि ब्रिटनमधल्या औषधाच्या माहितीपत्रकात तशी सूचनाही छापलेली असते. ॲसिनोकुमरॉल त्याच घराण्यातलं. कर्क्युमिननेही रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. म्हणजे एका गोळीवर चार बाजूंनी दाब येतोय.

आयएनआरसोबत क्रिएटिनिन, सोडियम, पोटॅशियम, आणि यकृतासाठी एसजीपीटी व बिलीरुबिन हेही आजच करून घ्या. क्रिएटिनिन १.५ हा आकडा साधा वाटतो, पण ६७ वर्षांच्या बाईत त्याचा अर्थ मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता मिनिटाला ३८ मिलिलिटरच्या आसपास. तीन आठवडे पाणी बाहेर जात असताना टेल्मिसार्टन चालू राहिलं तर ती आणखी घसरते, पोटॅशियम वाढतं. मेटफॉर्मिनचं तर आहेच : ही क्षमता ४५ च्या खाली गेली की दिवसाची मात्रा साधारण १ ग्रॅमवर आणतात, ३० च्या खाली बंद करतात. या बाई २ ग्रॅमवर आहेत. तुमच्या प्रश्नात हे नव्हतं, पण दिसल्यावर गप्प बसता येत नाही. टेल्मिसार्टन आणि मेटफॉर्मिन तात्पुरतं थांबवायचं का, हे त्यांच्या डॉक्टरांनी आजच ठरवावं. फोनवर 'जुलाब होताहेत' एवढंच सांगू नका. पट्टीचा मागचा भाग, कॅप्सूलचं लेबल आणि चूर्णाचा डबा या तिन्हींचे फोटो पाठवा.

ॲसिनोकुमरॉल मात्र कोणीही आपल्या मनाने बंद करायचं नाही. झडपेवर गुठळी बसली तर ती रक्तस्रावाइतकीच जीवघेणी.

काळी शी, लघवीतून रक्त, दहा मिनिटं दाबून धरूनही न थांबणारा घोळणा, डोक्याला मार, अचानक जोरात डोकेदुखी किंवा बोलणं अडखळणं यातलं काही दिसलं तर तपासणीची वाट न बघता थेट रुग्णालय.

---

खलबत्ता

डॉक्टरांनी मुख्य ते सांगितलं. आता जुलाबाकडे येतो. औषधाच्या दुकानात ही पट्टी रोज हातातून जाते, आणि लोकांना जे कळत नाही ते असं की 'ग्लुकोसामाइनची गोळी' म्हणून विकत घेतलेल्या पट्टीत त्रास देणारा घटक बहुतेक वेळा ग्लुकोसामाइन नसतोच. इथे तो डायसेरीन आहे.

डायसेरीन हे पूरक अन्न नाही, पक्कं औषध आहे. पोटात गेल्यावर त्याचं ऱ्हाइन होतं. हे ऱ्हाइन अँथ्राक्विनोन कुळातलं, म्हणजे सोनामुखी आणि रेवाचिनी ज्या गुणाने पोट साफ करतात त्याच कुळातलं. त्यामुळे दहातल्या एकापेक्षा जास्त लोकांना जुलाब होतात, बहुतेकांना पहिल्या काही आठवड्यांत. लघवी गडद पिवळी होते तीही याच ऱ्हाइनमुळे. आता त्या रात्रीच्या चूर्णाच्या डब्यावर घटक वाचा. पोट साफ करणाऱ्या बहुतेक चूर्णांत सोनामुखी असते. तसं असेल तर बाई एकाच तऱ्हेचं रेचक दिवसातून तीनदा घेताहेत : दोनदा गुडघ्याच्या नावाने आणि एकदा पोटाच्या.

युरोपच्या औषध संस्थेने २०१३ मध्ये डायसेरीन बाजारातून थांबवावं अशीच शिफारस आधी केली होती. २०१४ मध्ये फेरविचार करून ते अटींवर ठेवलं. ६५ वर्षांपुढच्यांना शक्यतो देऊ नये. यकृताचा आजार असेल किंवा पूर्वी झाला असेल तर अजिबात नाही. सुरुवातीचे दोन ते चार आठवडे दिवसाला ५० मिग्रॅच, दोनदा नाही. आणि जुलाब सुरू झाले की लगेच बंद. 'शरीराला सवय होईल' म्हणून रेटायचं नाही. आपल्याकडच्या पट्टीत डायसेरीन ग्लुकोसामाइनला जोडलेलं असतं, त्यामुळे निम्मी मात्रा द्यायची तर ग्लुकोसामाइनही निम्मं होतं. म्हणून पहिल्या दिवसापासून दोन गोळ्या लिहिल्या जातात आणि वय ६७ असलं तरी कोणी थांबत नाही. जोड-गोळीचा हा दोष मला सर्वांत जास्त खुपतो.

मेटफॉर्मिनने जुलाब होतात हे खरं. पण ते सुरू करताना किंवा मात्रा वाढवताना जास्त होतात. आठ वर्षं त्याच मात्रेवर काही न होता पाच आठवड्यांपूर्वी आलेल्या पट्टीनंतर जुलाब लागले, तर पहिला संशय पट्टीवरच. ती बंद केल्यावर काही दिवसांत जुलाब आवरायला हवेत. आवरले नाहीत तर दुसरं कारण शोधावं लागेल.

पोटॅशियमचं गणितही करून ठेवतो, कारण 'पोटॅशियम क्लोराइड' वाचून किडनीचे रुग्ण घाबरतात. या क्षाराचं १५०० मिग्रॅ घेतलं की त्यातून साधारण १९५ मिग्रॅ पोटॅशियम जातं. एका मध्यम केळ्यात याच्या दुप्पट असतं. तेव्हा एरवी फार काही नाही. पण मूत्रपिंड मंदावलेलं, त्यात टेल्मिसार्टन, त्यात आटलेलं शरीर अशा वेळी हे अर्धं केळंही हिशेबात धरायचं. सोडियम क्लोराइडचा क्षार असेल तर तेवढ्याच मात्रेत सुमारे १२० मिग्रॅ सोडियम. हृदयविकारात मीठ मोजून खाणाऱ्यांनी तेही मोजावं.

एक बारीक गोष्ट. लेबलावरचं '१५०० मिग्रॅ' दर वेळी सारखं नसतं. हायड्रोक्लोराइडच्या १५०० मिग्रॅमध्ये शुद्ध ग्लुकोसामाइन सुमारे १२४५ मिग्रॅ, तर पोटॅशियम क्लोराइडसह सल्फेटच्या १५०० मिग्रॅमध्ये सुमारे ८९० मिग्रॅ. काही उत्पादक क्षार धरून आकडा देतात, काही वगळून. ब्रँड बदलला की मात्रा नकळत बदलते, आणि रक्त पातळ करणारी गोळी घेणाऱ्या माणसात हा बदलही तपासणीचं कारण आहे.

---

नीलमोहर

दोघांचेही आभार. फोटो पाठवले, तपासणीला रक्त दिलं, पट्टी आणि कॅप्सूल थांबवायला डॉक्टरांनी होकार दिला. चूर्णात सोनामुखी निघाली, ते टाकून दिलं.

खलबत्ता, गडद लघवी डायसेरीनने होते हे कळलं. पण मग कावीळ असेल तर ती ओळखायची कशी? आणि हळदीच्या कॅप्सूलचं काय? घरच्यांचा प्रश्न असा की हळद तर आपण जन्मापासून खातो.

---

रानवारा

हळदीचं मी सांगते, औषधशास्त्र शिकवते. घरच्यांचा प्रश्न अगदी रास्त आहे. उत्तर मात्रेत आणि पिपेरीनमध्ये आहे.

स्वयंपाकाच्या हळदीत कर्क्युमिन शेकडा तीनच्या आसपास. चमचाभर, म्हणजे ३ ग्रॅम हळद धरली तर ९०-१०० मिग्रॅ. त्यातलंही शरीरात फार थोडं शोषलं जातं, उरलेलं तसंच बाहेर पडतं. या बाई कॅप्सूलमधून रोज १००० मिग्रॅ घेत होत्या, म्हणजे दहा चमचे हळदीइतकं, आणि जोडीला मिऱ्यातलं पिपेरीन. १९९८ मध्ये बंगळुरूच्या सेंट जॉन्स वैद्यकीय महाविद्यालयातल्या संशोधकांनी दाखवलं की २ ग्रॅम कर्क्युमिनबरोबर २० मिग्रॅ पिपेरीन दिलं तर माणसात कर्क्युमिनची उपलब्धता वीस पट वाढते. तेव्हापासून पूरक गोळ्यांत पिपेरीन घालायची पद्धतच पडली. ते आतडं आणि यकृतातली औषधं मोडणारी विकरं अडवून हे काम करतं. मग ती विकरं फक्त कर्क्युमिनपुरती अडतील असं कसं होईल? फेनिटोइन, प्रोप्रॅनोलॉल, थिओफिलिन यांची रक्तातली पातळी पिपेरीनने वाढल्याचं नोंदलेलं आहे. आकडीचं औषध चालू असणाऱ्यांनी हे विशेष लक्षात घ्यावं.

यकृताचं नुकसान दुर्मीळ आहे, पण खरं आहे. अमेरिकेत औषधजन्य यकृतविकारांची नोंद ठेवणाऱ्या संशोधक-जाळ्याने २०२२ मध्ये हळदीच्या पूरक गोळ्यांमुळे आजारी पडलेल्या १० जणांची माहिती छापली. पाच जणांना रुग्णालयात दाखल करावं लागलं, एक दगावला. दहापैकी सात जणांत एचएलए-बी*३५:०१ ही एकच जनुकीय खूण सापडली. म्हणजे बहुतेकांना काहीच होत नाही आणि ती खूण असलेल्या थोड्यांना जोरात होतं, असं दिसतं. कोण त्यातला हे बाहेरून कळत नाही. २०२३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या औषध नियामकानेही यावर सूचना काढली. भाजी-आमटीतल्या हळदीला ही सूचना लागू नाही, ती तशीच चालू द्या.

आता कावीळ ओळखण्याबद्दल. डायसेरीनने लघवीचा रंग बदलतो, पण डोळ्यांचा पांढरा भाग पांढराच राहतो, भूक मरत नाही, खाज येत नाही. यकृत दुखावलं तर आधी थकवा, अन्नावरची वासना उडणं, मळमळ, उजव्या बरगडीखाली जडपणा, मग अंगाला खाज, डोळे पिवळे. खिडकीजवळ दिवसाच्या उजेडात डोळे बघा, ट्यूबलाइटखाली नीट कळत नाही. हे साधारण एक ते चार महिन्यांत दिसतं, म्हणून 'पहिला महिना तर काही झालं नाही' हा दिलासा पुरेसा नाही. शिवाय डायसेरीननेही यकृताची विकरं वाढलेली आढळली आहेत. म्हणजे ही दोन्ही एकत्र घेणाऱ्या माणसात लघवीच्या रंगावरून काहीच ठरवता येत नाही. थकवा आहे असं तुम्ही लिहिलंत, तेव्हा एसजीपीटी आणि बिलीरुबिन हवंच.

मुतखडा झालेल्यांसाठी आणखी एक : हळदीच्या पूरक मात्रेने लघवीतलं ऑक्झलेट वाढतं. ज्याचा खडा ऑक्झलेटचा निघालाय त्याने या कॅप्सूलपासून लांब राहावं.

---

सोनचाफा

रक्तातल्या साखरेबद्दल कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. ग्लुकोसामाइन ही साखरेशी नातं असलेली रचना, त्यामुळे मधुमेह्यांना भीती वाटते. नेहमीच्या १५०० मिग्रॅ मात्रेत ९० दिवस दिलेल्या चाचणीत (२००३) मधुमेह्यांच्या एचबीए१सीमध्ये (तीन महिन्यांच्या सरासरी साखरेत) फरक पडला नव्हता. एवढ्यासाठी नाही म्हणायची गरज नाही. सुरू केल्यावर पहिले तीन-चार आठवडे उपाशीपोटीची साखर आठवड्यातून दोनदा बघावी, इतकंच.

मासे-कोळंबीचं वावडं आणि शाकाहार, हे दोन प्रश्न मात्र मला सतत विचारले जातात.

बहुतेक ग्लुकोसामाइन कोळंबी-खेकड्याच्या कवचापासून बनतं. कोळंबीची ॲलर्जी बहुधा मांसातल्या प्रथिनाची असते, कवचाची नाही, आणि अशा लोकांवर केलेल्या छोट्या चाचण्यांत गोळी सोसल्याचं दिसलं. तरी कोळंबीने ज्याचा घसा सुजला, श्वास अडकला असा इतिहास असेल तर हा प्रयोग घरी करू नये. मक्यापासून किण्वनाने बनवलेलं ग्लुकोसामाइन मिळतं, लेबलावर तसं स्पष्ट लिहिलेलं असलं तरच घ्यावं.

ग्लुकोसामाइनच्या जोडीला दिलं जाणारं कॉन्ड्रॉइटिन गाय-बैल, डुक्कर, कोंबडी किंवा शार्कच्या कूर्चेपासून काढतात. कोलाजेन जनावराच्या कातडी-हाडांचं, कोंबडीचं किंवा माशाचं. 'टाइप टू' म्हणून ४० मिग्रॅची जी छोटी गोळी विकतात ती कोंबडीच्या छातीच्या कूर्चेची. शिवाय कॅप्सूलचं आवरणच पुष्कळदा जिलेटिनचं. अन्न परवान्यावर विकल्या जाणाऱ्या डब्यावर हिरवी किंवा तपकिरी खूण असते. तीच रचना औषध परवान्यावर विकली तर ती खूण सापडेलच असं नाही. जैन किंवा वारकरी घरातल्या आजी 'झाडपाल्याचं आहे' या समजुतीने हे वर्षानुवर्षं घेतात, त्यांना न सांगणं मला बरोबर वाटत नाही. सांगावं, मग त्यांचं त्यांनी ठरवावं.

परवाना ओळखायचा सोपा मार्ग : चौदा आकडी क्रमांक आणि 'औषधी वापरासाठी नाही' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असेल तर ते अन्न-पूरक. औषधाच्या पट्टीवर उत्पादन परवान्याचा क्रमांक वेगळा असतो.

---

खलबत्ता

सोनचाफा यांच्या लिखाणात माझी भर ड जीवनसत्त्वाची. गुडघ्याच्या कित्येक पट्ट्यांत आता डी३ घातलेलं असतं. वर आठवड्याची ६०,००० युनिटची पुडी चालू. ती आठ आठवड्यांसाठी लिहिलेली असते आणि दोन वर्षं चालते, कारण चिठ्ठी कोणी परत बघत नाही. जोडीला कॅल्शियम. मग बद्धकोष्ठ, तहान, वारंवार लघवी, गोंधळल्यासारखं वागणं दिसू लागतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं जातं. रक्तातलं कॅल्शियम तपासलं की उलगडा होतो. पिशवी बघताना सगळ्या पट्ट्यांतलं ड जीवनसत्त्व एका कागदावर बेरीज करा.

आणि सर्वांत धोक्याची वस्तू पट्टीत नसतेच, ती पुडीत असते. लेबल नसलेली पावडर, काळ्या गोळ्या, 'आयुर्वेदिक' म्हणून जत्रेत किंवा ओळखीतून आलेल्या. दोन-तीन दिवसांत गुडघा मोकळा झाला तर आनंद मानू नका, संशय घ्या. ग्लुकोसामाइन, शल्लकी, कोलाजेन यातलं काहीही तीन दिवसांत काम करत नाही, ते इतक्या वेगाने फक्त स्टेरॉइड आणि वेदनाशामकं करतात. २०२२ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनाने ग्लुकोसामाइनचं म्हणून विकल्या जाणाऱ्या 'आर्त्री किंग' नावाच्या गोळ्यांत लेबलावर नसलेलं डेक्सामेथासोन आणि डायक्लोफिनॅक सापडल्याचं जाहीर केलं. तोंड गोल होणं, भूक आणि साखर वाढणं, कातडी पातळ होऊन निळे डाग पडणं या खुणा लक्षात ठेवा.

---

काळीशार माती

खलबत्ता यांच्या मुद्द्याला लागून एक महत्त्वाचं. अशी पुडी काही आठवडे घेतली असेल तर ती एकदम तोडायची नाही. बाहेरून स्टेरॉइड मिळत असताना शरीराच्या स्वतःच्या ग्रंथी झोपलेल्या असतात. अचानक बंद केलं की उलट्या, कमालीचा अशक्तपणा, रक्तदाब आणि साखर कोसळणं, कधी जिवावर बेतणं. पुडी सोबत घेऊन डॉक्टरांकडे जावं. सकाळी आठच्या सुमाराची कॉर्टिसोल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉइड) तपासणी करून मात्रा हळूहळू उतरवतात.

आता मूळ प्रश्नाचा दुसरा भाग : कोणाला लगेच पाठवायचं. रक्त पातळ करणारी ॲसिनोकुमरॉल किंवा वॉरफरिन घेणारे सगळे. पासष्टीपुढचे ज्यांच्या पट्टीत डायसेरीन आहे. यकृताचा आजार किंवा रोजची दारू. क्रिएटिनिन वाढलेले. दमा असून गोळी सुरू केल्यावर धाप वाढली असे, कारण तशा तुरळक घटना नोंदलेल्या आहेत. काचबिंदूचे रुग्ण ज्यांनी नेत्रतज्ज्ञांना ही गोळी सांगितलेलीच नाही, कारण काहींच्या डोळ्यातला दाब थोडा वाढल्याचं छोट्या अभ्यासांत दिसलंय. बाकीच्यांना शुद्ध ग्लुकोसामाइनने जो त्रास होतो तो बहुधा जळजळ, मळमळ, पोट फुगणं, क्वचित डोकेदुखी किंवा पुरळ. जेवणानंतर घेतली की त्रास कमी होतो.

आणि फायदा किती, हे धोक्याच्या शेजारी ठेवल्याशिवाय रुग्णाला निवड करता येत नाही. २००६ मध्ये अमेरिकेत १५८३ रुग्णांवर २४ आठवड्यांची मोठी चाचणी झाली. नुसत्या साखरेच्या गोळीने शेकडा ६० जणांना आराम वाटला, ग्लुकोसामाइन हायड्रोक्लोराइडने ६४, ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिनच्या जोडीने ६७ च्या आत, सेलेकॉक्सिब या वेदनाशामकाने ७०. ग्लुकोसामाइनचा आणि जोडीचा फरक योगायोगाच्या पलीकडचा ठरला नाही. जास्त दुखणाऱ्यांच्या छोट्या गटात जोडीने बरा फरक दिसला होता, पण २०१७ मधल्या स्पेनच्या चाचणीत हीच जोडी साखरेच्या गोळीपेक्षा मागे पडली आणि चाचणी मध्येच थांबवली. अमेरिकेच्या संधिवाततज्ज्ञांच्या २०१९ च्या मार्गदर्शनात गुडघ्यासाठी दोन्ही 'नको' म्हटलंय, ब्रिटनच्या २०२२ च्या मार्गदर्शनात ग्लुकोसामाइन देऊ नका असंच आहे. युरोपातला एक तज्ज्ञगट मात्र औषधी दर्जाच्या स्फटिकरूप सल्फेटच्या बाजूने आहे, दिवसातून एकदाच १५०० मिग्रॅ. मतभेद प्रामाणिक आहे. त्यामुळे ज्याला वरचा एकही धोका नाही आणि ज्याला करून बघायचंय त्याला मी अडवत नाही. पण अट ही की एकच घटक असलेली गोळी घ्यायची, डायसेरीन नाही, हळद नाही. तीन महिने. सुरू करण्याआधी आणि दर दोन आठवड्यांनी वेदनेला शून्य ते दहात गुण, जिना चढायला लागणारा वेळ आणि आठवड्यात लागलेल्या वेदनाशामक गोळ्या वहीत लिहायच्या. तीन महिन्यांत दोन गुणांचाही फरक नसेल तर बंद.

या बाईंना मी ती परवानगी देणार नाही.

---

नीलमोहर

अहवाल आले. आयएनआर ठरवलेल्या पातळीच्या वर आहे, क्रिएटिनिनही वाढलंय, यकृत सुदैवाने ठीक. हृदयरोगतज्ज्ञांनी ॲसिनोकुमरॉलची मात्रा बदलून दिली, इतर औषधांचंही बघितलं. दोन प्रश्न उरले. पट्टी बंद झाल्यावर आयएनआर पुन्हा कधी? आणि दुखण्यासाठी आता काय द्यायचं, कारण व्यायामाला बसवायचं तर दुखणं थोडं आवरायला हवं.

---

काळीशार माती

आयएनआरची पुढची तारीख त्यांचे डॉक्टर देतीलच. पण मनात हे ठेवा की सुरू करणं जितकं महत्त्वाचं तितकंच बंद करणं. आज मात्रा कमी केली ती जुलाब आणि गोळ्यांच्या काळातल्या आकड्यावर. जुलाब थांबले, जेवण सुरू झालं, ग्लुकोसामाइन आणि हळद उतरली की आयएनआर खाली घसरू शकतं, आणि झडपेला ते परवडत नाही. म्हणून पहिल्या काही दिवसांत एकदा, नंतर आठवड्याने, आणि दोन आकडे लागोपाठ नीट येईपर्यंत असंच. मग नेहमीचं वेळापत्रक.

दुखण्यासाठी तोंडाने डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन काहीही नाही. एका गोळीत मूत्रपिंड, पोट आणि आयएनआर तिन्हींवर घाला. पॅरासिटामॉल चालेल, पण रोज २ ग्रॅमच्या वर सलग काही दिवस गेलं तर तेही आयएनआर वाढवतं हे फार थोड्यांना माहीत असतं. ५०० मिग्रॅची एक गोळी व्यायामाच्या पाऊण तास आधी, दिवसात जास्तीत जास्त तीन, आणि रोज लागत असेल तर डॉक्टरांना कळवून. सर्दी-तापाच्या गोळ्यांतही पॅरासिटामॉल असतं, ते याच मोजणीत धरा.

डायक्लोफिनॅकचं जेल तोंडाच्या गोळीपेक्षा रक्तात फार कमी जातं, पण या बाईंत विचारल्याशिवाय तेही नको. शेक, गुडघ्याचा पट्टा, जास्त दुखणाऱ्या गुडघ्याच्या उलट्या बाजूच्या हातात काठी हे बिनधोक. मांडीचे स्नायू तुमच्या हातात आहेत. पहिले आठ-दहा दिवस, जुलाबाचा अशक्तपणा जाईपर्यंत, पलंगावर झोपूनच गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी ठेवून दाबायचा व्यायाम आणि सरळ पाय उचलणं. उभ्याचे व्यायाम आत्ता नको. आयएनआर वाढलेलं असताना एक पडणं फार महागात जाईल.

---

रानवारा

एक विनंती नीलमोहर यांना. ही घटना औषधाच्या दुष्परिणामाची म्हणून नोंदवा. भारतीय औषध-सुरक्षा कार्यक्रमाचा टोल फ्री क्रमांक १८००-१८०-३०२४ आहे, रुग्ण किंवा नातेवाईकही कळवू शकतात. लागतं ते एवढंच : वय, लिंग, गोळीचं नाव आणि बॅच क्रमांक, सुरू-बंद केल्याच्या तारखा, सोबतची सगळी औषधं, काय झालं आणि बंद केल्यावर काय झालं. पट्टी फेकली असेल तर कचऱ्यातून काढा, बॅच क्रमांक त्यावरच असतो. दुष्परिणाम माहीत असलेलाच आहे म्हणून नोंदवायचा नाही, असं नसतं.

---

नीलमोहर

पट्टी ठेवलीय, आज फोन करते. शेवटचं : दुसऱ्या एका काकांची गुडघा बदलायची शस्त्रक्रिया पुढच्या महिन्यात ठरली आहे. ते ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन आणि आल्याच्या गोळ्या घेतात, रक्त पातळ करायचं फक्त ॲस्पिरिन ७५. त्यांनी कधी थांबवायचं?

---

खलबत्ता

ग्लुकोसामाइन-कॉन्ड्रॉइटिन आणि आल्याच्या गोळ्या शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद. एकदम बंद केल्या तरी चालतं, उतरवत न्याव्या लागत नाहीत. शस्त्रक्रियेनंतर ग्लुकोसामाइनची गरजच नाही, कारण ज्या कूर्चेसाठी ते घेत होते ती त्या गुडघ्यात राहणारच नाही. ॲस्पिरिन मात्र आपण हात लावायचा नाही, ते हृदयाचे आणि भूल देणारे डॉक्टर मिळून ठरवतात. भूलतज्ज्ञ 'कुठली औषधं?' विचारतात तेव्हा लोक फक्त बीपी-शुगरच्या गोळ्या सांगतात. काकांना सांगा, तपासणीला जाताना आल्याची बाटलीसुद्धा पिशवीत घालून न्या.